घरात जलद नेटवर्क: आधी दोन यंत्रं जोडा, मग बाकीचं घर

घरच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेलं, फाइली साठवणारं खोकं), किंवा जुन्या संगणकातून बनवलेल्या सर्व्हरवर, १०० जीबीचे व्हिडिओ टाकायला घ्या. साध्या गिगाबिट लॅनवर, म्हणजे घरातल्या नेटवर्कवर, चौदा-पंधरा मिनिटं जातात. २.५ गिगाबिटवर तेच काम सहा मिनिटांच्या आत उरकतं. १० गिगाबिटवर, दोन्हीकडच्या डिस्कमध्ये तेवढा दम असेल तर, दीड मिनिट पुरतं. हे आकडे वाचले की माणूस लगेच यादी करायला बसतो: नवा राउटर, नवा स्विच (घरातल्या नेटवर्क केबल एकत्र जोडणारं खोकं), घरभर नव्या केबल. मीही बसलो होतो. त्या यादीतल्या निम्म्या वस्तू लागल्याच नाहीत, आणि काम जिथे अडत होतं ती वस्तू यादीत नव्हतीच.

म्हणून सुरुवात मोजमापापासून करू. खरेदी नंतर.

पायरी १: अडतंय कुठे ते शोधा

आधी बिट आणि बाइट यांचा घोळ मिटवू. इंटरनेटची जोडणी आणि स्विचचे खोके बिटांत बोलतात. फाइल कॉपी होताना संगणक बाइटांत आकडा दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ एमबी. त्यातला थोडा भाग प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्यात आणि वेष्टनात खर्च होतो, आणि हाती साधारण ११७ एमबी लागतात. कॉपीच्या खिडकीत ११० ते ११५ वर काटा स्थिरावला असेल तर तुमचं गिगाबिट नेटवर्क तुडुंब वाहतंय, त्याच्यात दोष काही नाही. वेग हवा असेल तर रस्ताच रुंद करावा लागेल.

पण आकडा ११ च्या आसपास दिसला तर? तर काही विकत घेऊ नका. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखाद्या प्लगमध्ये एक तार नीट बसलेली नसली की बहुतेक उपकरणं काही न बोलता १०० वर उतरतात आणि वर्षानुवर्षं तशीच चालत राहतात. केबल बदला, नाहीतर प्लग नव्याने क्रिंप करा. वेग दहापट वाढतो आणि खर्च एका पॅच केबलचा.

आता डिस्क. आडातच नाही तर पोहोऱ्यात कुठून येणार! आजची फिरत्या तबकडीची चांगली हार्ड डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला १५० ते २५० एमबी देते. साटा एसएसडी ५०० ते ५५०. एनव्हीएमई, म्हणजे त्याहून जलद जातीची एसएसडी, याच्या कितीतरी पुढे, काही हजार. म्हणजे नॅसमध्ये एकच हार्ड डिस्क असेल तर २.५ गिगाबिटच्या तारेतून जाणारे २९० एमबीसुद्धा ती भरू शकत नाही. तिथे १० गिगाबिटचं कार्ड बसवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. चार-सहा डिस्कची रेड (एकत्र जोडून चालवलेला डिस्कचा संच) असेल किंवा दोन्ही बाजूंना एसएसडी असेल, तर मात्र १० चा विचार करण्यात अर्थ आहे.

डिस्क आणि तार यांतलं नेमकं कोण अडवतंय हे कळण्यासाठी आयपर्फ३ हा फुकट प्रोग्राम दोन्ही संगणकांवर टाका. एकावर सर्व्हर म्हणून चालू करा, दुसऱ्यावरून त्याला जोडा. तो डिस्कला हात न लावता फक्त तारेचा वेग मोजतो. गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा यायला हवा. आयपर्फमध्ये ९४० दिसतात आणि फाइल मात्र ६० एमबीने जाते, असं असेल तर दोष नेटवर्कचा नाही. डिस्क थकली असेल, किंवा फाइली हजारो आणि बारीक असतील. बारीक फाइलींना कुठलंही नेटवर्क फारसं वाचवत नाही, कारण तिथे वेळ डेटा वाहण्यात जात नाही, दर फाइलमागच्या उघडझापीत जातो.

पायरी २: कोणत्या दोन यंत्रांमध्ये?

कागदावर घरातली सगळी यंत्रं मांडा आणि मोठा डेटा कुठून कुठे जातो त्याच रेघा ओढा. बहुतेक घरांत एकच रेघ निघते: कामाचा संगणक ते नॅस. टीव्हीवर इंटरनेटवरून ४के चित्रपट बघायला २५ मेगाबिट पुष्कळ झाले. प्रिंटर, कॅमेरे, फोन यांना गिगाबिटही जास्तच. त्यांना आहे तिथेच राहू द्या.

इथे नवख्यांची एक समजूत नेहमी आडवी येते: जलद लॅन हवं म्हणजे राउटर बदलायला हवा. गरज नसते. एकाच लॅनमधल्या दोन यंत्रांमधला डेटा स्विचमधल्या स्विचमध्येच फिरतो, राउटरच्या प्रोसेसरपर्यंत जातच नाही. नवा जलद स्विच जुन्या राउटरच्या एका गिगाबिट पोर्टला जोडा. इंटरनेट त्या पोर्टातून येईल, आणि संगणक व नॅस नव्या स्विचवर आपापसांत २.५ किंवा १० च्या वेगाने बोलतील. तुमचं इंटरनेटच १ गिगाबिटच्या वर असेल, तेवढ्यापुरता राउटरचा प्रश्न उभा राहतो.

दुसरी समजूत: दोन गिगाबिट केबल जोडून लिंक ॲग्रिगेशन केलं की वेग दुप्पट. स्विच पॅकेट वाटून देतो ते जोडणीनुसार. एका संगणकाची नॅसशी चाललेली एक कॉपी त्यातल्या एकाच तारेवरून जाते, दुसरी तार रिकामी बसते. पाच जण एकाच वेळी नॅस वापरत असतील तर उपयोग आहे. एकट्या माणसाला नाही.

वाय-फायबद्दल थोडक्यात. राउटरच्या खोक्यावर ३००० असा वेग छापलेला असेल तर तो आकडा दोन पट्ट्यांची बेरीज असतो, २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर २४०२. एक यंत्र एका वेळी सहसा एकाच पट्टीवर असतं, आणि ते २४०२ मिळायलाही १६० मेगाहर्ट्झची रुंद वाहिनी दोन्ही बाजूंना लागते. प्रत्यक्षात हाती येतं ते त्याच्या बरंच खाली. मोठ्या फाइलींसाठी तार ती तार.

पायरी ३: २.५ की १०?

२.५ आणि ५ गिगाबिटचं मानक २०१६ मध्ये आलं, ते मुख्यतः आधीच भिंतीत गेलेल्या केबल वाचवण्यासाठी. कॅट-५ई या नेहमीच्या प्रतीच्या नेटवर्क केबलवर २.५ गिगाबिट पूर्ण १०० मीटर धावतं. तुमच्या घरात गिगाबिट नीट चालत असेल तर त्याच तारेवर २.५ चालेल अशी खात्री बाळगायला हरकत नाही. हीच त्याची खरी किंमत: भिंत फोडावी लागत नाही.

शिवाय गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच मदरबोर्डांवर २.५ चा पोर्ट आधीपासून असतो आणि मालकाला पत्ता नसतो. संगणकाच्या नेटवर्क ॲडॅप्टरच्या नावात आरटीएल८१२५ किंवा आय२२५, आय२२६ असं काही दिसलं तर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे. आय२२५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत चिपमध्येच दोष होता आणि काही स्विचशी तिचं जमत नसे, एवढं लक्षात ठेवा. पोर्ट नसेल तर मदरबोर्डवरच्या १ लेनच्या (लेन म्हणजे स्लॉटातली डेटाची एक वाट) छोट्या स्लॉटात बसणारं कार्ड घ्या. लॅपटॉपसाठी यूएसबी ३ चा ॲडॅप्टर चालतो, पण तो यूएसबी २ च्या भोकात खुपसलात तर ४८० मेगाबिटच्या आत अडकून गिगाबिटपेक्षाही हळू पळेल.

बहुतेक घरांनी इथेच थांबावं असं माझं मत आहे. २.५ चा बिनपंख्याचा पाच किंवा आठ पोर्टांचा स्विच, दोन कार्डं, झालं. ५ गिगाबिटच्या फंदात पडू नका. त्याची उपकरणं निवडीला फार थोडी आहेत, आणि तेवढ्या खर्चात जुन्या बाजारात १० मिळतं.

पायरी ४: १० गिगाबिटच्या दोन जाती

१० गिगाबिटचं सामान दोन प्रकारांत येतं आणि इथली चूक सगळ्यात महागात पडते.

पहिली जात ओळखीची: आरजे-४५ प्लग, तांब्याची केबल. २००६ चं मानक. सोय मोठी, पण तांब्यावरून एवढा वेग रेटायला चिपला खूप गणित करावं लागतं, आणि त्याची उष्णता होते. जुनी दोन पोर्टांची कार्डं सहज दहा वॉटच्या वर खातात. त्याहून वरच्या प्रतीच्या कॅट-६ए केबलवर १०० मीटर जातं. साध्या कॅट-६ वर जास्तीत जास्त ५५ मीटर, तेही केबल एकमेकींना चिकटून गठ्ठ्यात नसतील तर. घरातली अंतरं यात बसतात.

या जातीतला एक सापळा आधीच सांगून ठेवतो. इंटेल एक्स५४० सारखी जुनी आरजे-४५ कार्डं १० जाणतात आणि १ जाणतात, मधलं २.५ त्यांना ठाऊकच नाही, कारण ते मानक त्यांच्यानंतर आलं. असं कार्ड २.५ च्या स्विचला जोडलं की ते मुकाट १ वर उतरतं. दोन्ही भाषा बोलणारं हवं असेल तर एक्स५५० किंवा ॲक्वान्शियाच्या एक्यूसी१०७ चिपचं कार्ड बघा.

दुसरी जात एसएफपी प्लस. यात पोर्ट म्हणजे नुसती चौकोनी खाच. तिच्यात काय घालायचं ते तुम्ही ठरवता. तीन-चार मीटरच्या आत काम असेल तर दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार तांब्याची केबल मिळते, तिला डॅक म्हणतात. ती वीज जवळजवळ खातच नाही, तापत नाही, आणि सगळ्यात स्वस्त पडते. पुढच्या खोलीत जायचं असेल तर दोन ऑप्टिकल मॉड्यूल आणि मधे फायबर, म्हणजे प्रकाशाने डेटा नेणारी काचेची तार. ओएम३ प्रतीच्या फायबरवर साध्या ८५० नॅनोमीटरच्या मॉड्यूलने ३०० मीटर जाता येतं, घरात एवढं अंतर येतं कुठे! एक मॉड्यूल एका वॉटच्या आसपास वीज घेतं.

फायबरचं नाव ऐकून लोक बिचकतात. बिचकण्यासारखं काही नाही. दोन्ही टोकांना एलसी प्लग बसवलेली तयार केबल लांबी सांगून मिळते, कापायची-जोडायची भानगड नाही. ती आरजे-४५ च्या केबलपेक्षा बारीक असते, पण प्लग धरून ओढायची नाही आणि कोपऱ्यावर घडी घालायची नाही. टोकांवरची टोपणं जोडेपर्यंत काढू नका, चालू मॉड्यूलच्या तोंडात डोळा घालून बघू नका. पोर्टाचा दिवा लागत नसेल तर आधी एका बाजूच्या दोन तारांची अदलाबदल करा. एका टोकाचं पाठवणं दुसऱ्या टोकाच्या घेण्यावर आलं पाहिजे.

एसएफपी प्लसच्या खाचेत आरजे-४५ चं मॉड्यूलही घालता येतं. एखाद-दुसरं ठीक, पण ती हाताला चटका बसेल इतकी तापतात आणि बरीचशी ३० मीटरपर्यंतच चालतात. स्विचच्या सगळ्या खाचा अशा मॉड्यूलांनी भरायच्या असतील तर तुम्ही चुकीच्या जातीचा स्विच घेतलात.

पायरी ५: जुनं कार्ड घेताना

मोठ्या सर्व्हर खोल्या पुढच्या वेगांकडे गेल्या आणि त्यांची १० गिगाबिटची कार्डं जुन्या बाजारात आली. घरगुती १० गिगाबिट परवडतं ते यांच्यामुळे. नवख्याने दोन नावं लक्षात ठेवावीत: मेलानॉक्स कनेक्टएक्स-३ आणि इंटेल एक्स५२०. दोन्हींचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतात. मात्र घेण्याआधी हे तपासा.

स्लॉट. १० गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५० एमबी. मदरबोर्डवरच्या स्लॉटांच्या, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या, दुसऱ्या पिढीत एका लेनमधून ५०० एमबी जातात, तिसऱ्या पिढीत ९८५. एक्स५२० दुसऱ्या पिढीचं आठ लेनचं कार्ड आहे. त्याला चार लेन मिळाल्या तरी एका पोर्टाचं पोट भरतं. पण कित्येक मदरबोर्डांवरचा दुसरा लांब स्लॉट दिसायला सोळाचा आणि आतून एकाच लेनचा असतो. मदरबोर्डचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय कार्ड मागवू नका.

आकार. काही कार्डं विशिष्ट सर्व्हरच्या खास खाचेसाठी केलेली असतात. विक्रेत्याच्या फोटोत नेहमीची सोनेरी कड आणि मागची पत्रा-पट्टी दिसते का ते बघा. पट्टी अर्ध्या उंचीची असेल तर मोठ्या कॅबिनेटमध्ये ती स्क्रूपर्यंत पोहोचत नाही.

मॉड्यूलची कुलूपबंदी. प्रत्येक मॉड्यूलच्या आत बनवणाऱ्याचं नाव नोंदलेलं असतं, आणि काही कार्डं व स्विच ओळखीचं नाव नसेल तर मॉड्यूल नाकारतात. एक्स५२० परक्या ऑप्टिकल मॉड्यूलला असंच अडवतं. लिनक्समध्ये ड्रायव्हरला एक पर्याय देऊन ही अट काढता येते. कनेक्टएक्स-३ या बाबतीत मोकळं आहे. केबल मागवताना दोन्ही टोकांची उपकरणं सांगा, विक्रेते टोकांना वेगवेगळी नोंद करून देतात.

भाषा. कनेक्टएक्स-३ ची काही मॉडेल इन्फिनिबँड (सर्व्हर खोल्यांतली वेगळी नेटवर्क पद्धत) आणि आपलं नेहमीचं इथरनेट दोन्ही करतात आणि कधी कधी इन्फिनिबँडवर लावलेली येतात. संगणकाला कार्ड दिसतं पण नेटवर्क पोर्ट दिसत नाही, अशी तक्रार असेल तर आधी ही सेटिंग बदला.

आणि हवा. ही कार्डं सोसाट्याच्या वाऱ्यात राहायला जन्मली आहेत. शांत घरगुती कॅबिनेटमध्ये त्यांच्या हीटसिंककडे (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) तोंड करून एक छोटा पंखा लावलाच पाहिजे. इंटेलच्या नावाची नकली कार्डंही बाजारात पुष्कळ आहेत. कोरं करकरीत एक्स५२० जुन्यापेक्षाही स्वस्त मिळत असेल तर सावध राहा.

पायरी ६: स्विच, किंवा स्विचशिवाय

रेघ एकच असेल तर स्विच कशाला? दोन कार्डं, मधे एक डॅक, झालं १० गिगाबिट. दोन्ही कार्डांना हाताने पत्ता द्या: एकाला १०.१०.१०.१, दुसऱ्याला १०.१०.१०.२, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवेचा रकाना रिकामा ठेवा. हे पत्ते राउटरने वाटलेल्या पत्त्यांपेक्षा वेगळ्या मालिकेतले हवेत. जुनी गिगाबिट केबल इंटरनेटसाठी तशीच राहू द्या.

यानंतर नॅसचा फोल्डर नव्या पत्त्याने उघडायचा. माझी पहिली अख्खी संध्याकाळ इथे गेली. कार्ड १० दाखवत होतं, कॉपी मात्र ११२ वर अडलेली. मी ड्रायव्हर बदलले, केबल उलटी करून लावली, आणि सरतेशेवटी लक्षात आलं की फोल्डरचा शॉर्टकट अजून जुन्या पत्त्याचाच होता. सगळा डेटा इमानेइतबारे गिगाबिटच्या तारेवरून जात होता.

तिसरं यंत्र आलं की स्विच घ्या. मायक्रोटिकचा सीआरएस३०५ हा चार एसएफपी प्लस खाचा आणि एक गिगाबिट पोर्ट असलेला बिनपंख्याचा छोटा स्विच घरगुती मंडळींत बराच चालतो. घरात दोन्ही वेग असतील तर चार-आठ २.५ पोर्ट आणि दोन एसएफपी प्लस खाचा असलेला स्विच जास्त उपयोगी: नॅस आणि मुख्य संगणक १० वर, बाकीचे २.५ वर.

जुन्या रॅक स्विचचा मोह मात्र आवरा. अठ्ठेचाळीस पोर्ट, चार एसएफपी प्लस, आणि किंमत ऐकून हसू येईल अशी. मी आणला होता. त्याचे इवलेसे पंखे सुरू झाले आणि घरच्यांनी दाराआडून विचारलं की व्हॅक्यूम क्लीनर बंद कधी होणार. भीक नको पण कुत्रा आवर! शिवाय ६० वॉट खाणारं यंत्र चोवीस तास चालू ठेवलं तर वर्षाला ५२५ युनिट वीज होते. स्वस्त मिळालेला स्विच तुम्ही दर महिन्याच्या बिलातून पुन्हा विकत घेत राहता.

पायरी ७: केबल

नवी ओढायचीच असेल तर शुद्ध तांब्याची कॅट-६ किंवा कॅट-६ए. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल हातात हलकी लागते आणि स्वस्त असते. ती घेऊ नका. तिचा रोध जास्त असतो, वाकवली की तुटते, आणि तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज पुरवायची असेल तर तापते. कॅट-७, कॅट-८ असं छापलेल्या चपट्या केबलवर पैसे घालवायचं घरात कारण नाही. भिंतीत पाइप घालताय तर रुंद घाला आणि आत एक दोरी सोडून ठेवा, म्हणजे पुढे फायबर त्याच वाटेने ओढता येईल.

पायरी ८: पुन्हा मोजा

आता परत आयपर्फ३. २.५ वर २.३५ गिगाबिटच्या आसपास, १० वर ९.४ च्या आसपास आकडा चांगला. एकाच दिशेला समाधान मानू नका. उलट दिशेने मोजायचा पर्याय त्यात आहे, तोही चालवा. १० वर आकडा ४-५ ला अडत असेल तर समांतर चार जोडण्या लावून बघा. तेव्हा ९ च्या वर गेला तर तार ठीक आहे, संगणकाच्या प्रोसेसरचा एक कोअर धापा टाकतोय. चार जोडण्यांनीही हलत नसेल तर स्लॉटच्या लेन तपासा.

जंबो फ्रेम, म्हणजे १५०० ऐवजी ९००० बाइटांची पॅकेट, हा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. सुरुवातीला हात लावू नका. मधलं एक जरी उपकरण जुन्या आकारावर राहिलं तर छोटी कामं चालतात आणि मोठी अडकतात, आणि असा दोष शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

सगळं जमलं की आयपर्फ अर्धा तास सलग चालू ठेवा आणि मग संगणक बंद करून कार्डाच्या हीटसिंकला बोट लावा. बोट ठेववत नसेल तर तो छोटा पंखा आजच लावा.